हात बधिर होत आहेत. मशीन आता मुलाच्या हाती द्यावे का?

मराठवाड्यातील एका वाचकांच्या पत्राचा हा सारांश आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्यांचे वय ४१. विसाव्या वर्षी त्यांनी दगडखाणीत जॅकहॅमर, म्हणजे दाबाच्या हवेवर ठोके देत दगड फोडणारे हाती मशीन, हाती घेतला आणि पुढे कर्ज काढून जुना ट्रॅक्टर व कॉम्प्रेसर घेतला. गेली अकरा वर्षे ते विहिरी खोदण्याची कामे परसावर घेतात, म्हणजे जितके परस (विहिरीची खोली मोजण्याचे माप) खोल जाईल तितके पैसे. तीन वर्षांपासून रात्री दोन्ही हातांना मुंग्या येऊन झोपमोड होते, हात झटकले की थोडे बरे वाटते. आता सकाळी शर्टाची बटणे लागत नाहीत, चहाचा कप निसटतो आणि खिशात हात घातला तर नाणे कोणते ते बोटांना कळत नाही. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा सांगून इंजेक्शने व जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. मशीनच्या हादऱ्यांनी बोटे पांढरी पडण्याचा आजार होतो असे त्यांनी ऐकले आहे, पण त्यांची बोटे पांढरी पडत नाहीत, त्यामुळे आपल्याला तो आजार नाही असे त्यांना वाटते. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला वीस वर्षांचा मुलगा कॉलेज सोडून मशीन चालवायला तयार आहे. पत्नीचा त्याला विरोध आहे. कर्जाचे हप्ते अजून दोन वर्षे आहेत. त्यांचा प्रश्न असा: हातांवर इलाज करून पुन्हा मशीन धरावे, की मुलाचे हात तरुण आहेत म्हणून ते त्याच्याकडे सोपवावे?

उत्तर:

तुमचा प्रश्न मुलाबद्दल आहे, पण त्याचे उत्तर तुमच्या हातांना नेमके काय झाले आहे यावर अवलंबून आहे. म्हणून आधी हातांबद्दल लिहिते आणि मग मुलाकडे येते.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तुम्ही ओघात लिहून पुढे गेला आहात: खिशातले नाणे बोटांना ओळखता येत नाही. रात्रीच्या मुंग्या अनेक कारणांनी येतात आणि काही वेळा त्या जातातही. पण न पाहता स्पर्शाने वस्तू ओळखता न येणे आणि बटणासारखे बारीक काम न जमणे ही बोटांतील संवेदना वाहून नेणाऱ्या नसांची हानी बरीच पुढे गेल्याची खूण आहे. हादरणाऱ्या यंत्रांमुळे हातांना होणाऱ्या आजाराची तीव्रता मोजण्यासाठी १९८६ साली स्टॉकहोममध्ये तज्ज्ञांनी एक श्रेणी ठरवली, ती आजही वापरली जाते. तिच्यात अधूनमधून येणारा बधिरपणा पहिल्या पायरीवर आहे, स्पर्शाची जाणीव कमी होणे दुसऱ्या पायरीवर, आणि वस्तूंमधला फरक बोटांना न कळणे व बारीक हालचालींतले कसब जाणे तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पायरीवर. तुमची पायरी तपासणीनंतर डॉक्टरच ठरवतील, पण तुमचे वर्णन पहिल्या पायरीचे नाही. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. तीन वर्षे अशक्तपणाच्या गोळ्यांवर काढल्यानंतर आणखी एक हंगाम असाच जाऊ नये, एवढ्यासाठी लिहिते आहे.

आता पांढऱ्या बोटांबद्दल. तुम्ही ऐकले आहे ते खरे आहे, पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष तपासून पाहायला हवा. हा आजार प्रथम थंड देशांत ओळखला गेला. इटलीत लोरिगा यांनी १९११ मध्ये हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वापरणाऱ्या दगडकामगारांच्या हातांबद्दल लिहिले. १९१८ च्या हिवाळ्यात डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड येथे चुनखडीच्या दगडावर काम करणाऱ्यांना तपासले, तेव्हा थंडीत त्यांची बोटे पांढरीफटक आणि मेल्यासारखी होत असल्याचे त्यांना दिसले. साठ वर्षांनी, १९७८ मध्ये, संशोधकांनी त्याच गावी जाऊन पुन्हा तपासणी केली आणि तोच आजार तिथे तसाच आढळला. मला या इतिहासातली ही गोष्ट सर्वांत जास्त अस्वस्थ करते: कारण माहीत होते, यंत्र माहीत होते, आणि तरी दोन पिढ्यांचे हात गेले. ब्रिटनमध्ये हा आजार व्यवसायजन्य म्हणून सरकारी यादीत यायला १९८५ साल उजाडले. तिथल्या कोळसा खाणकामगारांना भरपाईसाठी न्यायालयात जावे लागले. १९९९ मध्ये सरकारने भरपाईची योजना सुरू केल्यावर दीड लाखांहून अधिक दावे दाखल झाले.

या सगळ्या नोंदी थंडीच्या मुलखातल्या आहेत. बोट पांढरे पडते ते हादऱ्यांनी बिघडलेल्या बारीक रक्तवाहिन्या थंडीने एकदम आकसतात म्हणून. थंडी नसेल तर रक्तवाहिन्यांचा बिघाड डोळ्यांना दिसेलच असे नाही, नसांचे नुकसान मात्र उन्हाळ्यातही तसेच चालू राहते. मलेशियासारख्या उष्ण देशात ब्रेकर (काँक्रीट फोडणारे यंत्र) चालवणाऱ्या बांधकाम मजुरांची तपासणी झाली, तेव्हा बोटे पांढरी पडण्याच्या तक्रारी जवळजवळ नव्हत्या. मुंग्या, बधिरपणा आणि हातांची कमजोरी मात्र भरपूर होती. आपल्याकडे पांढऱ्या बोटांची वाट पाहत बसलो तर बहुतेक कामगारांचा आजार कधीच ओळखला जाणार नाही. तरीही डिसेंबर-जानेवारीत पहाटे मोटारसायकलवरून कामावर जाता, तेव्हा एकदा हातांकडे नीट पाहा. एखाद्या बोटाचे टोक पांढरे पडून मग निळसर व लाल होत असेल, तर लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत बोट पूर्ववत झालेले असते आणि मग डॉक्टरांना दाखवायला काहीच उरत नाही.

तुमच्या डॉक्टरांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. हाताला मुंग्या येतात एवढेच रुग्णाने सांगितले तर साखर, थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मानेच्या मणक्यातील दाब ही कारणे मनात येणे स्वाभाविक आहे, आणि तुमच्या बाबतीतही ती रक्ततपासणीने पडताळून पाहायलाच हवीत. अडचण अशी की आपण दवाखान्यात लक्षण सांगतो, काम सांगत नाही. या वेळी काम आधी सांगा. जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेंदूविकार किंवा अस्थिरोग विभागात जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की, मी वीस वर्षे जॅकहॅमर चालवतो आहे, दिवसाला मशीन प्रत्यक्ष इतके तास हातात सुरू असते आणि आता मला स्पर्श कळत नाही. कोणत्या बोटांना बधिरपणा आहे तेही आधी पाहून ठेवा. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्याच भागात मुंग्या असतील आणि रात्री हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटातून जाणारी नस दाबली गेली असण्याची शक्यता मोठी आहे. हा दाब हादऱ्यांच्या कामात वारंवार आढळतो आणि नर्व्ह कंडक्शन टेस्टमध्ये, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणाऱ्या तपासणीत, तो दिसतो.

हा भेद का महत्त्वाचा, ते सांगते. मनगटातली नस दाबली गेली असेल तर छोट्या शस्त्रक्रियेने ती मोकळी करता येते आणि रात्रीचा त्रास पुष्कळदा कमी होतो. पण बोटांच्या टोकांशी असलेल्या नसांचे जे नुकसान हादऱ्यांनी झाले आहे, त्यावर शस्त्रक्रिया नाही आणि ते भरून काढणारे औषधही नाही. काहींना दोन्ही एकत्र असतात. अशा वेळी शस्त्रक्रियेने अर्धा आराम मिळतो आणि रुग्णाला फसवणूक झाल्यासारखे वाटते, म्हणून आधीच विचारून घ्या. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर त्याच रुग्णालयातील आरोग्यमित्रांकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का याची चौकशी करा.

यातूनच तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर निघते. ‘इलाज करून पुन्हा मशीन धरावे का’ असे विचारताना इलाजाने हात पूर्वीसारखे होतील आणि मग ते पुन्हा कामाला जुंपता येतील, असे तुम्ही गृहीत धरले आहे. रक्तवाहिन्यांचा बिघाड काम थांबवल्यावर, विशेषतः तंबाखू सोडल्यावर, काही वर्षांत कमी होऊ शकतो. गेलेला स्पर्श परत येण्याची आशा मात्र फार थोडी असते, आणि जो शिल्लक आहे तो टिकवण्याचा खात्रीचा मार्ग एकच आहे: हादरे थांबवणे. तुमच्या वर्णनावरून माझे स्पष्ट मत असे आहे की तुम्ही स्वतः जॅकहॅमर आता धरू नये. शिवाय ज्या हातांना पकड कळत नाही, त्या हातांनी विहिरीच्या तळाशी मशीन सांभाळणे, दोराला धरून वर येणे, हे तुमच्या आणि सोबत्यांच्या जिवालाही धोक्याचे आहे.

आता मुलाकडे येते. त्याचे हात तरुण आहेत हे खरे, पण तुम्ही खाणीत पहिल्यांदा मशीन धरले तेव्हा तुमचेही हात त्याच वयाचे होते. तरुणपणामुळे हादरे कमी पोहोचत नाहीत. त्यांचा परिणाम दिसायला वेळ लागतो आणि तोवर आपल्याला काही झाले नाही असे वाटत राहते. शिवाय नवशिक्या माणूस मशीन फार घट्ट आवळून धरतो आणि अंगाचा भार टाकून दाबतो. पकड जितकी घट्ट, तितके हादरे हातात जास्त उतरतात.

कदाचित तुमच्या मनात मधला मार्ग असेल की बाप-लेक अर्धे-अर्धे काम वाटून घेतील. याचा हिशेब मी मुद्दाम मांडते, कारण तो आपल्या अंदाजापेक्षा वेगळा निघतो. युरोपीय संघाने २००२ मध्ये हातांवरील हादऱ्यांसाठी दिवसाच्या दोन मर्यादा ठरवल्या. आठ तासांच्या दिवसाला धरून सरासरी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग (हादऱ्यांची तीव्रता याच एककात मोजतात, पुढचे आकडेही त्यातलेच) या पातळीला मालकाने उपाय सुरू करायचे आणि ५ च्या वर कामगाराला जाऊच द्यायचे नाही. दगड-काँक्रीट फोडणाऱ्या हाती यंत्राचे हादरे १२ धरले, तर पहिली मर्यादा सुमारे २१ मिनिटांत गाठली जाते आणि दुसरी सुमारे १ तास २३ मिनिटांत. हादरे २० असतील तर साडेसात मिनिटांत आणि अर्ध्या तासात. ही मिनिटे मशीन प्रत्यक्ष सुरू असतानाची आहेत. जेवण, सुरुंग भरणे, मलबा काढणे त्यात नाही. समजा तुमचे मशीन १२ चे आहे आणि दिवसाला तीन तास चालते, तर चालवणाऱ्याची दिवसाची सरासरी ७.३ च्या आसपास जाते. दोघांनी दीड-दीड तास वाटून घेतले तर ती निम्मी होत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला ५.२ येते, कारण वेळ अर्धी केल्याने हादऱ्यांचा भार फक्त तीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो. म्हणजे वाटणी करूनही दोघे मर्यादेच्या वरच राहतात, आणि आज एका माणसाचे हात जात आहेत तिथे दोघांचे जाऊ लागतात. याउलट यंत्राचेच हादरे निम्मे झाले तर तेवढ्याच भारात चौपट वेळ काम करता येते. म्हणून माणसे बदलण्याआधी यंत्र आणि पद्धत बदलण्याकडे पाहिले पाहिजे.

तुम्ही लिहिलेले नाही, पण अनेकांच्या मनात येणारा आणखी एक पर्याय आहे: मुलाला कॉलेजात ठेवायचे आणि मशीनवर रोजंदारीचा माणूस लावायचा. व्यवहार म्हणून तो शक्य आहे आणि तुमच्या अनुभवाचा उपयोग देखरेखीला होईल. पण त्या मजुरालाही नाणी ओळखायची असतात आणि लेकरांच्या शर्टाची बटणे लावायची असतात. मुलाला नको म्हणून जे काम आपण दुसऱ्याच्या मुलाला देतो, ते जसेच्या तसे देणे मला मान्य नाही. माणूस ठेवायचा असेल तर निदान तिघांत पाळी लावा, एका माणसाच्या हातात मशीन सलग दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि दिवसाचे एकूण तास ठरवून त्याप्रमाणे परसाचा दर मागा. परसावर काम घेतले की हात थांबत नाही, कारण थांबण्याचे पैसे कोणी देत नाही. विहिरीचा खर्च काढताना डिझेल, सुरुंग, बिट (मशीनचे दगडात घुसणारे टोक), क्रेनचे भाडे सगळे धरले जाते; मशीन धरणाऱ्याच्या विश्रांतीचा वेळ त्यात धरायला हवा आणि तो धरण्याची सुरुवात तुमच्यासारख्या ठेकेदारानेच करावी लागेल.

यंत्राबद्दल काही गोष्टी सर्वच वाचकांसाठी लिहिते. त्या दगडखाणीत, रस्त्यावर ब्रेकर चालवणाऱ्यांना आणि ग्राइंडर वापरणाऱ्या फॅब्रिकेशनच्या कारागिरांनाही कमी-अधिक लागू आहेत. बोथट बिट वेळही जास्त खातो आणि हादराही जास्त देतो, म्हणून धार लावणे किंवा बिट बदलणे पुढे ढकलू नका. चक, म्हणजे रॉड पकडून ठेवणारा भाग, झिजला असेल, रॉड त्यात सैल खेळत असेल, वंगण कमी पडत असेल तर मशीन आधी दुरुस्तीला द्या. स्प्रिंगवर बसवलेल्या, हादरे शोषणाऱ्या दांड्यांचे जॅकहॅमर मिळतात. पुढचे मशीन घेण्याची वेळ आली तर तेच विचारा आणि विक्रेत्याकडे हादऱ्यांचा आकडा मागा. खाणीत आडवी छिद्रे घेताना मशीनला हवेच्या दाबाचा पाय लावतात, तो मशीनचे वजन आणि रेटा स्वतःवर घेतो. विहिरीत उभे छिद्र घेताना मशीनचे स्वतःचे वजन पुरेसे असते. वरून छातीने दाबण्याची सवय सोडा आणि निसटणार नाही एवढ्याच हलक्या पकडीने धरा. बाहेर फेकली जाणारी दाबाची हवा प्रसरण पावताना गार होते, तिचा झोत हातावर येणार नाही असे पाहा.

हातमोज्यांबद्दल मात्र गैरसमज नको. ‘अँटी-व्हायब्रेशन’ लिहिलेले महागडे मोजे मुख्यतः जलद थरथर थोडी कमी करतात. जॅकहॅमर मिनिटाला साधारण दोन हजार ठोके देतो. हे ठोके त्या मोज्यांच्या दृष्टीने संथ असल्याने जवळजवळ पूर्णपणे हातात उतरतात. मोजे घाला, कारण हात उबदार आणि कोरडा राहणे फायद्याचे आहे, पण मोजे घातले म्हणून एक मिनिटही जास्त काम करू नका. दांडीला सायकलची ट्यूब गुंडाळण्याच्या उपायाचेही तेच. दांडी जाड झाली की उलट ती जास्त आवळून धरावी लागते.

तंबाखू, विडी किंवा मिश्री यांपैकी काही तुम्हाला असेल तर ते सोडणे हा हातांवरचाच इलाज समजा. निकोटिनने बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात, मग ते धुरातून येवो की चघळण्यातून.

पैशांचा प्रश्न मी हलका मानत नाही. दोन वर्षांचे हप्ते असताना मशीन खाली ठेवा असे सांगणे सोपे आणि ऐकणे कठीण आहे. पण तुमच्याकडे कर्जावर घेतलेल्या दोन गोष्टी आहेत आणि त्यांतली एकच हात खाते आहे. ट्रॅक्टर रोटाव्हेटरला, मळणीयंत्राला, ट्रॉलीला, उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरला चालतो. या चार कामांतून वर्षाला किती सुटते आणि हप्ता किती आहे, हे पत्नीसोबत बसून कागदावर मांडा. त्यांचा विरोध तुम्ही अडथळा म्हणून लिहिला आहे, मला तो घरातला सर्वांत विचारी आवाज वाटला. आकडा जुळत नसेल तर बँकेत जाऊन हप्ते लांबवून मागा. हप्ता थकण्याआधी गेलेल्या माणसाचे ऐकून घेतले जाण्याची शक्यता थकबाकीदारापेक्षा जास्त असते. वरचा कठीण नसलेला थर पोकलेनने काढून घेऊन फक्त खालच्या कातळापुरता कॉम्प्रेसर लावायचा, अशी भागीदारी परिसरातल्या पोकलेनवाल्याशी जमते का तेही पाहा. त्यात मशीनचे तासच कमी होतात. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या कामांच्या यादीत दगड फोडण्याचे काम आहे. मागील वर्षभरात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला देऊन १८ ते ६० वयाच्या कामगारांना तिथे नोंदणी करता येते. तुमच्या सोबतच्या मजुरांची आणि बसत असेल तर तुमचीही नोंदणी करून घ्या. नोंदीत असलेल्या कामगारांच्या मुलांना शिक्षणासाठी मदत मिळते, हे तुमच्या घरात या घडीला उपयोगाचे आहे.

मुलाशी बोलताना ‘तू शीक, आम्ही बघतो’ एवढेच म्हणू नका. वीस वर्षांच्या मुलाला वडिलांचे हात थरथरताना दिसत असतात आणि त्याला मदत करायची आहे. ती इच्छा मोडून काढण्यापेक्षा तिला दुसरे काम द्या. तुमच्या तपासणीला त्याला सोबत न्या आणि डॉक्टर बोटांना दोरा टेकवून ‘कळते का’ विचारतील तेव्हा त्याला शेजारी उभा करा. कॉलेज सांभाळून ट्रॅक्टरच्या कामांचा हिशेब, गिऱ्हाइकांचे फोन, सुट्टीच्या दिवशी रोटाव्हेटर हे तो करू शकेल.

राहिली सध्या हातात असलेली विहीर. तिचे दोन परस बाकी असून शेतकऱ्याला शब्द दिला आहे, असे तुम्ही लिहिले आहे. तो शब्द तुमच्या माणसांनी पाळीने काम करून आणि चार-आठ दिवस उशिराने पूर्ण झाला तरी मोडत नाही. शेतकऱ्याला कारण सांगा आणि तुम्ही कॉम्प्रेसरजवळ, वर थांबा. तपासणीची तारीख मात्र ती विहीर संपण्याच्या आधीचीच घ्या.